किरणोत्सर्गी केराची प्रतवारी



दिल्लीच्या पश्चिम भागांत मायापुरी नांवाचा भंगाराचा मोठा बाजार आहे. २०१० सालच्या एप्रिल महिन्यांत तेथील कांहीं माणसें एकाएकीं आजारी पडलीं. कोणाची कातडी काळवंडली, कोणाचे केस गळूं लागले. शोध घेतां असें आढळून आलें कीं, एका विद्यापीठाच्या रसायनशाळेंत १९८५ पासून पडून असलेलें एक यंत्र त्याच वर्षाच्या आरंभीं लिलावांत भंगार म्हणून विकलें गेलें होतें, आणि त्या यंत्राच्या पोटांत कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या कांड्या होत्या. भंगारवाल्यांनीं नेहमींच्या रीतीनें यंत्र फोडलें, धातु वेगळी केली, आणि त्या कांड्यांचे तुकडे दुकानांतून पसरले. त्या प्रकारांत एका कामगाराचा मृत्यु झाला.

यंत्र बंद पडून पंचवीस वर्षें झालीं होतीं. कोबाल्ट-६० ची शक्ति सुमारें सव्वापांच वर्षांनीं निम्मी होते. या हिशेबानें त्या पंचवीस वर्षांत ती मूळच्या सत्ताविसाव्या हिश्शाइतकी उरली होती, आणि तेवढा हिस्साहि माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा ठरला. ज्यानें यंत्र फोडलें त्याच्याकडे दोष असा कोणता होता ? आपण काय हाताळीत आहोंत हें त्याला ठाऊक नव्हतें, इतकेंच.

या अजाण मनुष्याची मूर्ति आपण थोडा वेळ डोळ्यांसमोर ठेवावी, अशी माझी विनंति आहे. कारण आज मी ज्या नियमाविषयीं बोलणार आहें, तो १९८२ सालीं अमेरिकेंत तयार झाला, आणि त्याची सारी मांडणी अशाच एका अजाण मनुष्याभोंवतीं केलेली आहे. फरक एवढाच कीं, नियमांतील तो मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे.

प्रथम हा केर म्हणजे काय तें पाहूं. अणुशक्तीचें नांव काढलें कीं आपल्यापुढें प्रचंड भट्ट्या आणि त्यांतून निघणारें जळकें इंधन उभें राहतें. त्या इंधनाचा प्रश्न स्वतंत्र आहे, व तो आज आपण बाजूस ठेवूं. परंतु भट्टी चालवितांना, रुग्णालयांत रोग्यास किरणोत्सर्गी औषध देतांना, कारखान्यांत धातूचे सांधे तपासतांना दुसरा एक केर रोजच्या रोज सांचत असतो. कामगारांचे हातमोजे व अंगरखे, फरशी पुसलेलीं फडकीं, इंजेक्शनच्या सुया, पाणी गाळण्याचीं साधनें, पाण्यांतील किरणोत्सर्गी द्रव्यें शोषून घेणारे रेझिनचे बारीक मणी, भट्टींत वर्षानुवर्षें राहून स्वतःच किरणोत्सर्गी बनलेले पोलादी भाग, हे सर्व त्यांत येतात. या साऱ्यास मिळून अल्पतीव्र किरणोत्सर्गी केर असें म्हणतात.

हें नांव जरा फसवें आहे. अमेरिकेच्या कायद्यांत अल्पतीव्र केराची व्याख्या त्याच्या सौम्यपणावरून केलेली नाहीं. ती वजाबाकीनें केलेली आहे. जळकें इंधन, त्यावर प्रक्रिया करतांना निघणारा अतितीव्र केर आणि युरेनियमच्या खनिजाचा उरलेला चोथा, हे वगळले कीं जें राहतें तें मुख्यतः अल्पतीव्र. त्यामुळें जवळजवळ निरुपद्रवी असा हातमोजा आणि शिशाच्या आडोशावांचून ज्याच्याजवळ उभेंहि राहतां येणार नाहीं असा धातूचा तुकडा, हे दोन्ही एकाच नांवाखालीं येतात. दोघांना एकाच खड्ड्यांत पुरणें शहाणपणाचें नाहीं, हें सांगावयास नको. म्हणून प्रतवारी करावी लागते.

घरांतील केराची प्रतवारी आपण तो ओला कीं सुका हें पाहून करतों. किरणोत्सर्गी केराच्या बाबतींत मुख्य प्रश्न काळाचा असतो. थायरॉइडच्या विकारावर जें आयोडीन-१३१ देतात तें दर आठ दिवसांनीं निम्में होतें. एखादी वस्तु दहा वेळां निम्मी झाली म्हणजे तिचा सुमारें हजारावा हिस्सा उरतो. म्हणून या आयोडीनचा केर तीन महिने कुलुपांत ठेवला कीं बहुतेक काम भागतें, आणि रुग्णालयांत तसेंच करतात. परंतु आयोडीनचेंच दुसरें रूप, आयोडीन-१२९, निम्में होण्यास १ कोटी ५७ लाख वर्षें लागतात. टेक्निशियम-९९ ला २ लाख ११ हजार वर्षें लागतात. या दोन टोकांच्या मध्यें सीझियम-१३७ व स्ट्राँशियम-९० हीं द्रव्यें आहेत. तीं सुमारें तीस वर्षांनीं निम्मीं होतात. म्हणजे हजाराव्या हिश्शावर येण्यास त्यांना तीनशें वर्षें हवींत. ‘हा केर आज किती घातक आहे ?’ एवढें विचारून येथें भागत नाहीं. ‘तो पुरल्यावर किती वर्षांनीं आणि कोणाच्या हातीं लागेल?’ हेंहि विचारावें लागतें.

हा प्रश्न अमेरिकेस आरंभापासून सुचला असें मात्र नाहीं. १९६२ ते १९७१ या काळांत त्या देशांत असा केर पुरण्याचीं सहा व्यापारी स्थळें उघडलीं. त्या वेळची रीत साधी होती. लांब चर खणावा, त्यांत पिंपें व खोकीं टाकावीं, आणि वर माती लोटावी. केंटकी राज्यांत मॅक्सी फ्लॅट्स या ठिकाणीं जमीन चिकणमातीची होती. अशा मातींतून पाणी सहसा झिरपत नाहीं, म्हणून ती जागा उत्तम वाटली. परंतु कांहीं वर्षांतच खोकीं कुजलीं, पिंपें गंजलीं, आंतील पोकळ्या ढासळल्या आणि वरचें आच्छादन खचलें. खचलेल्या जागेंतून पावसाचें पाणी आंत शिरलें, आणि जी चिकणमाती पाणी बाहेर जाऊं देणार नाहीं म्हणून निवडली होती, तिनें तें आंतच कोंडून धरलें. चर हौदाप्रमाणें भरूं लागले. न्यूयॉर्क राज्यांतील वेस्ट व्हॅली येथेंहि पाणी चरांच्या वरून बाहेर झिरपूं लागलें. वेस्ट व्हॅली १९७५ सालीं, मॅक्सी फ्लॅट्स १९७७ सालीं, आणि इलिनॉय राज्यांतील शेफील्ड १९७८ सालीं बंद पडलें.

उरलीं तीन स्थळें : नेव्हाडांतील बीटी, वॉशिंग्टन राज्यांतील रिचलंड, आणि साउथ कॅरोलिनांतील बार्नवेल. साऱ्या देशाचा केर या तीन राज्यांकडे वाहूं लागला, आणि येणारीं पिंपें कित्येकदां नीट बांधलेलींहि नसत. १९७९ सालीं नेव्हाडा व वॉशिंग्टनच्या गव्हर्नरांनीं आपलीं दारें कांहीं काळ बंद केलीं, आणि साउथ कॅरोलिनानें येणारा माल निम्म्यावर आणण्याचें ठरविलें. तेव्हां कोठें साऱ्या देशाचें लक्ष या गोष्टीकडे वेधलें. १९८० सालीं काँग्रेसनें कायदा करून हा केर सांभाळण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली, आणि १९८२ च्या डिसेंबरांत न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशननें केर पुरण्याचे सविस्तर नियम प्रसिद्ध केले. प्रतवारीचा नियम तो हाच.

या नियमाच्या मुळाशीं जी कल्पना आहे, ती समजण्यास आपणांस अमेरिकेस जावें लागत नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या काळचे मोडी कागद पेटींत पडून असतील. एखादें खरेदीखत, एखादा कर्जरोखा, कोणाचें तरी मृत्युपत्र. लिहिणाऱ्यास वाटलें असेल कीं पुढच्या पिढ्यांना हें वाचतां येईलच. परंतु शंभर वर्षें होतात न होतात, तोंच घरांतील एकालाहि त्यांतील ओळ लागत नाहीं. कागद शाबूत आहे, शाईहि शाबूत आहे. वाचणारा तेवढा हरपला आहे.

कमिशननें हीच गोष्ट ध्यानांत घेतली. केर पुरण्याची जमीन सरकारच्या मालकीचीच असावी, स्थळ बंद झाल्यावर तेथें देखरेख ठेवावी, खुणा बसवाव्या, दप्तर राखावें, हें सर्व नियमांत आहेच. परंतु शंभर वर्षांपलीकडे या देखरेखीचा भरंवसा हिशेबांत धरूं नये, असेंहि तेथें स्पष्ट सांगितलें आहे. त्यानंतर कोणी तरी अजाण आगंतुक तेथें येईल असें धरून चालावयाचें. तो चोर नाहीं, शत्रु नाहीं. तो आपला घर बांधूं पाहणारा साधा मनुष्य आहे. तो पाया खणील, खणतांना उडालेली धूळ त्याच्या नाकातोंडांत जाईल, वर आलेल्या मातींत तो भाजी लावील, आणि त्याचीं मुलें ती भाजी खातील. केर कोणत्या वर्गांत घालावयाचा हें ठरवितांना या कुटुंबाला काय होईल याचें गणित मांडलें आहे.

त्या गणितांतून तीन वर्ग निघाले. आपण त्यांना अ, ब आणि क म्हणूं.

अ वर्गांतील केर इतका सौम्य असतो कीं, शंभर वर्षांची देखरेख संपल्यावर कोणी तेथें खणलें तरी त्याला मोठीशी बाधा होऊं नये. आकारमानानें पाहिलें तर बहुतांश केर याच वर्गाचा असतो. त्याला किमान शिस्त पुरते. पुठ्ठ्याच्या खोक्यांत तो पुरावयाचा नाहीं; पातळ पदार्थ घट्ट करावयाचे किंवा शोषून घ्यावयाचे; स्फोटक किंवा हवेंत आपोआप पेटणारें कांहीं त्यांत ठेवावयाचें नाहीं. मॅक्सी फ्लॅट्सच्या चरांत जें जें घडलें, त्यांतील पुष्कळ गोष्टींवर या साध्या नियमांनीं तोड काढलेली दिसते.

ब वर्गाचा केर अधिक तीव्र असतो, आणि त्यानें तीनशें वर्षें आपला आकार टिकविला पाहिजे. त्यासाठीं तो सिमेंटसारख्या द्रव्यांत घट्ट करतात किंवा मजबूत टिकाऊ पात्रांत घालतात. याचें एक कारण उघड आहे. केर ढासळला नाहीं तर वरची माती खचत नाहीं, आणि पाणी आंत शिरत नाहीं. दुसरें कारण मला फार विचाराचें वाटतें. पाया खणणाऱ्याच्या कुदळीला मऊ माती लागली तर तो खणत राहील. परंतु एखादें घट्ट, न फुटलेलें, माणसानें घडविलेलें पात्र लागलें तर तो थांबेल, आणि हें काय आहे म्हणून विचार करील. ज्याला आपली भाषा येत नाहीं त्याच्याशीं बोलण्याचा हाहि एक मार्ग आहे.

क वर्गाच्या केराला तीनशें वर्षांचा हा घट्टपणा तर हवाच, शिवाय तो जमिनीच्या पृष्ठभागापासून निदान ५ मीटर खोल पुरला पाहिजे. तें शक्य नसेल तर पांचशें वर्षें टिकेल असा भक्कम अडथळा त्यावर घातला पाहिजे. पाया खणणारा सहसा इतका खोल जात नाहीं. पांचशें वर्षें म्हणजे किती, हें पाहावयाचें असेल तर बाबरानें पानिपत जिंकलें तो काळ आठवावा. आणि तीनशें वर्षें म्हणजे थोरले बाजीराव पेशवेपदावर होते तेव्हांपासून आजपर्यंत. या अवधींत किती राज्यें आलीं आणि गेलीं याची आपणांस कल्पना आहेच. आणि जो केर क वर्गांतहि बसत नाहीं, तो एरवीं अशा उथळ जागीं पुरूंच नये असा दंडक आहे. १९८५ च्या कायद्यानें त्याची जबाबदारी तेथील मध्यवर्ती सरकारनें उचलली.

आतां वर्ग ठरवावयाचा कसा ? त्यासाठीं नियमांत दोन कोष्टकें आहेत. किरणोत्सर्गाचें माप त्यांत क्यूरी हें आहे. एक क्यूरी म्हणजे सेकंदास ३,७०० कोटी अणूंचें विघटन. सीझियम-१३७ चें प्रमाण घनमीटरास १ क्यूरीपर्यंत असेल तर तो केर अ वर्गाचा, ४४ पर्यंत असेल तर ब वर्गाचा, आणि ४,६०० पर्यंत असेल तर क वर्गाचा. १ आणि ४,६०० यांतील अंतर पाहून कोणासहि हें औदार्य वाटेल. परंतु काळाचा हिशेब करून पाहावा. शंभर वर्षांत सीझियम सुमारें दहाव्या हिश्शावर येतें, आणि पांचशें वर्षांत लाखाव्या हिश्शावर. अ वर्गाच्या मर्यादेवरचा केर शंभर वर्षांनीं घनमीटरास एक दशांश क्यूरी उरतो. क वर्गाच्या मर्यादेवरचा केर पांचशें वर्षांनीं अर्ध्या दशांशाहूनहि थोडा कमी. ज्या क्षणीं आगंतुक तेथें पोंचेल असें धरलें आहे, त्या क्षणीं दोन्ही केर जवळजवळ एकाच पातळीवर आलेले असतात.

दीर्घायुषी द्रव्यांचें कोष्टक वेगळें आहे, कारण तेथें काळ आपल्या मदतीस येत नाहीं. आयोडीन-१२९ ची क वर्गाची मर्यादा घनमीटरास अवघी ०·०८ क्यूरी, टेक्निशियम-९९ ची ३, आणि साधारण केरांतील कार्बन-१४ ची ८ आहे. या मर्यादेच्या दहाव्या हिश्शापर्यंतचा केर अ वर्गाचा. त्यावरचा एकदम क वर्गाचा. मधला ब वर्ग येथें नाहींच, कारण तीनशें वर्षें थांबूनहि लाखों वर्षांच्या आयुष्यांत कांहीं फरक पडत नाहीं.

एकाच पिंपांत अनेक द्रव्यें असतात, तेव्हां त्यांचे अपूर्णांक मिळवावे लागतात. समजा, एका पिंपांतील रेझिनमध्यें घनमीटरास ३० क्यूरी सीझियम आणि ६० क्यूरी स्ट्राँशियम आहे. ब वर्गाची मर्यादा सीझियमला ४४ व स्ट्राँशियमला १५० आहे. सुटें सुटें पाहिलें तर दोघेंहि ब वर्गांत बसतात. परंतु ३० भागिले ४४ म्हणजे ०·६८, आणि ६० भागिले १५० म्हणजे ०·४०, बेरीज १·०८. ती एकाच्या वर गेली, म्हणून हें पिंप क वर्गांत जाईल. आगंतुकाच्या शरीरावर दोन्ही द्रव्यांचा परिणाम एकत्रच होणार. मग हिशेबांत तीं वेगळीं कां ठेवावीं?

येथपर्यंत सर्व सरळ आहे. पण कोष्टकांतील ‘घनमीटरास’ हा शब्द दिसतो तितका सोपा नाहीं. घनमीटर कशाचा घ्यावयाचा ? केराचा, पिंपाचा, कीं साऱ्या चराचा ? भागाकारांत भाजक वाढविला कीं उत्तर लहान होतें, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. या मोहाला आळा घालण्यासाठीं कमिशननें १९८३ पासून मार्गदर्शिका काढल्या. त्यांतील सरासरीसंबंधींची १९९५ सालची मार्गदर्शिका विशेष महत्त्वाची आहे, आणि २०१५ सालीं ती सुधारण्यांत आली.

तिचें तत्त्व एका उदाहरणानें सांगतों. कारखान्यांत व रुग्णालयांत सीझियमची एक लहानशी, बोटाएवढी बंद नळी वापरतात. ती निकामी झाली म्हणजे सुमारें ०·२ घनमीटरच्या पिंपांत मध्यभागीं ठेवून भोंवतीं सिमेंट ओततात. आतां साऱ्या पिंपाचें आकारमान हिशेबांत धरलें, तर ४,६०० च्या मर्यादेनें त्या पिंपांत ९२० क्यूरीची नळी क वर्गांत बसेल. कागदावर हें बरोबर आहे. परंतु पांचशें वर्षांनीं सिमेंट भुगा झालें आणि नळी तेवढी कोणाच्या हातीं आली, तर त्याला सरासरीशीं काय कर्तव्य ? तो पिंपाची सरासरी खिशांत घालणार नाहीं. तो चकाकणारी नळी घालणार. म्हणून १९९५ च्या मार्गदर्शिकेनें अशा नळीला सर्वसाधारण मर्यादा ३० क्यूरीचीच घातली. २०१५ सालीं नव्यानें हिशेब करून ती १३० पर्यंत वाढविण्यांत आली. १३० क्यूरीचें सीझियम पांचशें वर्षांत एका क्यूरीच्या हजाराव्या हिश्शाहून थोडें अधिक, इतकें उरतें.

मर्यादा वाढविली हें ऐकून कित्येकांस वाटेल कीं, येथें ढिलाई झाली. परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. १९८० नंतर राज्यांनीं नवीं स्थळें उघडावीं अशी अपेक्षा होती. ती फारशी सफळ झाली नाहीं. बीटीचें स्थळ १९९२ अखेर बंद झालें. २००८ सालीं बार्नवेलनें आपल्या गटांतील तीन राज्यांखेरीज इतरांना दार लावलें. यूटा राज्यांतील क्लाइव्ह येथें फक्त अ वर्गाचा केर घेतात. परिणाम असा झाला कीं, २०१२ सालीं टेक्सास राज्यांत अँड्र्यूज येथील स्थळ सुरू होईपर्यंत बहुतेक राज्यांतील ब आणि क वर्गाच्या केराला जाण्यास जागाच नव्हती. तो रुग्णालयांच्या आणि कारखान्यांच्या कोठारांत पडून राहिला. आणि कोठारांत पडून राहिलेल्या निकामी साधनांचें पुढें काय होऊं शकतें, हें मायापुरीनें आपणांस दाखविलें आहे. फार सैल नियम उद्यांच्या मनुष्यास घातक. परंतु पाळतां येणार नाहीं इतका ताठर नियम आजच्या मनुष्यास घातक. मार्गदर्शिकेला या दोहोंच्या मधून वाट काढावी लागते.

याच अडचणींतून दुसरा एक वाद उभा राहिला. अणुकेंद्रांतील तीव्र रेझिन सौम्य रेझिनमध्यें मिसळून सारेंच अ वर्गांत बसवावें काय ? एका पक्षाचें म्हणणें असें कीं, मिश्रण खरोखर एकजीव असेल तर आगंतुकाच्या हातीं येणारी प्रत्येक मूठ सारखीच सौम्य असेल. मग हरकत कोणती? दुसरा पक्ष म्हणे कीं, एकदां मिसळण्याची मुभा दिली कीं वर्गाला अर्थ राहणार नाहीं. कमिशननें मिश्रणावर सरसकट बंदी घातली नाहीं. पुरल्यावर त्यापासून धोका नाहीं हें दाखवून देण्याची अट घातली. मात्र केवळ वर्ग खालीं उतरावा म्हणून निर्मळ माती किंवा असेंच कांहीं घालून आकार फुगविणें तिला मान्य नाहीं. घट्टपणासाठीं घातलेलें सिमेंट वेगळें, आणि भाजक वाढविण्यासाठीं घातलेलें सिमेंट वेगळें.

प्रतवारीला आणखी एक मर्यादा आहे, आणि ती प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. जें द्रव्य कोष्टकांत नाहीं, त्याचा केर नियमाप्रमाणें आपोआप अ वर्गांत जातो. १९८२ सालीं हें सोयीचें वाटलें, कारण तेव्हां जो केर येत होता त्यांतील महत्त्वाचीं द्रव्यें कोष्टकांत आलीं होतीं. परंतु पुढें युरेनियम समृद्ध करण्याच्या कारखान्यांतील उरलेलें क्षीण युरेनियम मोठ्या प्रमाणांत पुरण्याचा प्रश्न आला. हें द्रव्य कोष्टकांत नाहीं, म्हणून तें अ वर्गाचें. आणि इतर केर काळाबरोबर शांत होत जातो, तर क्षीण युरेनियमची गति उलट आहे. त्याच्या विघटनांतून निर्माण होणारीं द्रव्यें सांचत जातात, आणि दहा लाख वर्षांहून अधिक काळ त्याचा किरणोत्सर्ग वाढतच राहतो. शंभर, तीनशें, पांचशें या पायऱ्या त्याला लागूच पडत नाहींत. २००९ सालीं कमिशननें यासाठीं नियमांत दुरुस्ती करण्याचें काम हातीं घ्यावयाचें ठरविलें. कोणतेंहि कोष्टक हें तें करणाऱ्यांच्या काळांतील केराचें कोष्टक असतें, हा त्यांतील धडा.

आपल्या देशाकडे वळून मी हें भाषण आटोपतों. आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेनें २००९ सालीं सहा वर्गांची एक प्रतवारी सुचविली. तिच्या एका टोकाला नियंत्रणांतून मोकळा करण्याजोगा केर आहे, आणि दुसऱ्या टोकाला अतितीव्र केर. भारतांत किरणोत्सर्गी केराच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ सालीं झाले, आणि अणुऊर्जा नियामक मंडळानें प्रतवारीची मार्गदर्शिका २०११ सालीं काढली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत आणि तारापूरसारख्या अणुकेंद्रांच्या आवारांत घन केर पुरण्याच्या जागा आहेत. सौम्य केर दगडी बांधणीच्या चरांत, त्याहून तीव्र केर लोखंडी सळयांच्या काँक्रीटच्या चरांत, आणि त्याहूनहि तीव्र केर जमिनींत उभ्या बसविलेल्या खोल नळ-विवरांत ठेवण्याची पद्धति आहे. तपशील वेगळे आहेत. विचार तोच आहे. जितका केर तीव्र आणि दीर्घायुषी, तितकें त्याचें घर भक्कम आणि खोल.

आपल्यापैकीं फारच थोड्यांना अशा पिंपावर वर्गाची चिठ्ठी लावण्याचा प्रसंग येईल. परंतु या केराचा कांहीं हिस्सा आपल्याच नांवावर आहे. आपल्या घरांतील दिवा, आपल्या आप्ताचा थायरॉइडचा इलाज, आपण ज्यावर विसंबतों त्या पुलाच्या सांध्याची तपासणी, यांतूनच तो निघतो. म्हणून चिठ्ठीवरचें तें अक्षर आपल्या वतीनेंहि लिहिलेलें असतें. मायापुरीच्या यंत्राला योग्य वेळीं कोणी असें अक्षर लावलें असतें, आणि त्याप्रमाणें त्याची योग्य जागीं रवानगी केली असती, तर एक कामगार संध्याकाळीं आपल्या घरीं परत गेला असता. पांचशें वर्षांनीं पाया खणणाऱ्या मनुष्याला आपण ओळखत नाहीं, आणि तोहि आपणांस ओळखणार नाहीं. तरी त्यालाहि संध्याकाळीं घरीं जावयाचें असेल.